मिसरीच्या डबीशी स्पर्धा

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



पहाटे चूल पेटण्याच्या आधी महाराष्ट्रातील कितीतरी घरांत एक छोटी डबी उघडली जाते. तव्यावर किंवा पत्र्यावर काळीभोर होईपर्यंत भाजलेली आणि मग चुरून बारीक केलेली तंबाखू त्या डबीत असते. तर्जनीने ती दातांना आणि हिरड्यांना चोळली जाते, काही वेळ तोंडात ठेवली जाते आणि मगच दिवस सुरू होतो. कुठे तिला मिसरी म्हणतात, कुठे मशेरी. ती लावणाऱ्या स्त्रीला आपण तंबाखूचे व्यसन करीत आहोत असे सहसा वाटत नाही. तिच्या लेखी ती दात घासत असते. विडी ओढणारा किंवा तंबाखू मळणारा पुरुष तो व्यसनी, आणि मिसरी लावणारी स्त्री मात्र स्वच्छतेची भोक्ती, अशी ही समजूत आहे. आजवरचे पुष्कळसे आरोग्यशिक्षण या एका समजुतीपाशी येऊन अडखळले आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातील १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून आपले निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. त्या पाहणीत शंभर स्त्रियांमागे सुमारे ३९ स्त्रिया मिसरी वापरणाऱ्या आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण शंभरात एक इतकेही भरले नाही. त्यानंतर अर्धशतक लोटले. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी २००९-१० आणि २०१६-१७ अशी दोनदा झाली. या दोन पाहण्यांच्या दरम्यान महाराष्ट्रात कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३१.४ टक्क्यांवरून २६.६ टक्क्यांवर आले. ही घट समाधानाची आहे. परंतु चघळण्याच्या आणि चोळण्याच्या तंबाखूपुरते पाहिले, तर ते प्रमाण २७.६ वरून २४.४ टक्के एवढेच उतरले. याचा अर्थ असा, की महाराष्ट्राचा तंबाखूचा प्रश्न मुख्यतः विडी-सिगारेटचा नाही. तो तोंडात धरल्या जाणाऱ्या तंबाखूचा आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धूरविरहित तंबाखूला माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात घातले आहे.

तंबाखू वाईट, हे सांगून झालेले नाही असे गाव शोधूनही सापडणार नाही. भिंती रंगल्या, प्रभातफेऱ्या निघाल्या, ३१ मे रोजी दरसाल शपथा घेतल्या गेल्या. मग डबी का उघडते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी उपदेशकाकडे न जाता दुकानदाराकडे गेले पाहिजे, असे सांगणारा एक विचार जगात गेली काही दशके रुजला आहे. त्याला सामाजिक विपणन असे म्हणतात. १९५१-५२ च्या सुमारास वीब या अमेरिकन अभ्यासकाने प्रश्न उपस्थित केला, की ज्या कौशल्याने साबण खपवला जातो त्याच कौशल्याने समाजात बंधुभाव का पसरवता येऊ नये? पुढे १९७१ साली कोटलर आणि झाल्टमन या प्राध्यापकांनी या विचाराला शास्त्राचे रूप आणि आजचे नाव दिले.

नाव अमेरिकेतून आले असले, तरी मोठ्या प्रमाणावरील पहिला प्रयोग भारतातला आहे, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्थेत आखलेल्या योजनेनुसार भारत सरकारने १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आणला. तीन नगांना १५ पैसे अशी कोणालाही परवडेल अशी किंमत ठेवली आणि चहा, साबण, बॅटरी व सिगारेट विकणाऱ्या सहा मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेतून तो खेडोपाडीच्या दुकानांत पोचवला. आधी सुचवलेले नाव एका ज्येष्ठ राजकीय नेत्याच्या नावाशी जुळत असल्यामुळे ऐनवेळी बदलावे लागले, अशी हकिकत सांगतात. कुटुंबनियोजनाच्या व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते किराणा दुकानाच्या फळीवरून काही अंशी साधले. दवाखान्यात जाऊन मागण्याचा संकोच दुकानात पुष्कळ कमी झाला, आणि हा संकोच म्हणजे गिऱ्हाइकाला मोजावी लागणारी एक किंमतच होती, हे त्या योजनेने ओळखले होते.

तंबाखूच्या व्यापाऱ्याने ही विद्या कोणत्याही विद्यापीठात न जाता आत्मसात केली. गुटख्याची पुडी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पूर्वी पान खायचे म्हणजे पान, चुना, कात, सुपारी, तंबाखू अशी सामग्री आणि थोडी सवड लागे. पुडीने ती सवड वाचवली. ती खिशात मावते, विद्यार्थ्याच्या हातातील सुट्या पैशांत येते, गोड लागते, नाव ऐटदार असते आणि पानपट्टीवर तोरणासारखी डोळ्यांसमोर लटकत असते. गिऱ्हाइकाला काय हवे, केव्हा हवे, किती पैशांत हवे आणि कोणत्या ठिकाणी हवे, याचा इतका बारकाईने विचार आरोग्यखात्याच्या एकाही भित्तिपत्रकामागे झालेला नसेल.

कायद्याने याला अटकाव करण्याचे प्रयत्न झाले, आणि ते झालेच पाहिजेत. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याच्या आधारे २०१२ च्या जुलैत पुन्हा बंदी आली. तेव्हा व्यापाराने पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी अशी जोडी विकायला आरंभ केला. दोन्ही एकत्र करण्याचे काम गिऱ्हाईक स्वतःच करू लागले. कायद्याने एक दार लावले, की मागणी दुसऱ्या दाराने आत येते, याचा हा धडा आहे. म्हणून मागणीकडेच वळणे भाग पडते.

मिसरीच्या बाबतीत तर कायद्याचे हात आणखीच आखूड आहेत. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ साली मनाई केली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला ही मनाई कशी लागू करणार? तंबाखूच्या वेष्टनावर २००९ पासून चित्ररूप इशारा आला आणि २०१६ पासून त्याने वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापला. या चित्रांचा परिणाम होतो. २०१६-१७ च्या पाहणीत चघळण्याची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ४६.२ टक्के लोकांनी इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले. पण आठवडी बाजारात सुटी घेतलेली पाने घरी भाजून जी डबी भरते, तिला वेष्टनच नसते. देशातील सर्वांत मोठा इशारा त्या स्त्रीपर्यंत पोचतच नाही.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की ही स्त्री मिसरीकडून नेमके काय विकत घेते? तिच्याजवळ बसून, न रागावता विचारले तर उत्तरे मिळतात. कोणी म्हणते, मिसरीवाचून पोट साफ होत नाही. कोणाची दाढ ठणकत होती, शेजारणीने चिमूट दिली आणि मग ती सुटली नाही. कोणाला रानात दुपारपर्यंत भूक मारायची असते. कोणाला घरच्या धबडग्यात चार घटका निवांत बसण्याचे तेवढेच निमित्त असते. मिसरी लावत असलेल्या बाईला घरात सहसा कोणी हाक मारीत नाही. पुष्कळजणींनी आईला, आजीला, सासूला पाहून बोट डबीत घातलेले असते. यांतले एकही कारण मूर्खपणाचे नाही. कर्करोगाची भीती घालणारे भित्तिपत्रक यांपैकी एकाही कारणाला उत्तर देत नाही, म्हणून ते तिच्यासाठी लिहिलेले नसतेच.

विपणनाचा पहिला नियम येथे लागू होतो: जे काढून घ्यायचे त्याच्या जागी काही द्यावे लागते. दातांसाठी साधे, तंबाखूविरहित मंजन किंवा ब्रश-पेस्ट हा सरळ पर्याय आहे. मात्र १९९२ च्या मनाईनंतरही बाजारातील काही दंतमंजनांच्या तपासणीत निकोटीन आढळले आहे, त्यामुळे कोणतेही लाल-काळे मंजन डोळे झाकून हाती देऊ नये. दाढ दुखत असेल तर खरा पर्याय दंतवैद्याकडची खेप हाच आहे. गावातल्या पाच-सहा बायकांना एकाच दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात नेण्याची सोय ग्रामपंचायतीने केली, तर ती सोय शंभर घोषणांहून अधिक उपयोगी पडेल. पोट साफ होण्याची तक्रार तर हमखास येते. निकोटीनची सवय लागलेल्या शरीराला सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड, झोपमोड यांचा त्रास होतो. सकाळी कोमट पाणी, आहारात पालेभाजी आणि सालीसह डाळी हे उपाय साधे आहेत. परंतु हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, हे आधीच सांगून ठेवणे त्याहून महत्त्वाचे. ज्या बाईला हे ठाऊक नसते ती चौथ्या दिवशी मिसरीलाच औषध समजून पुन्हा लावते.

सवय सोडण्याची किंमत कमी करायची, तर सोडण्यासाठी वेळही असा निवडला पाहिजे की त्या वेळी मिळणारा लाभ डोळ्यांसमोर असेल. गर्भारपण हा तो काळ. मुंबईत १२१७ गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया बहुतांशी मिसरीच लावीत होत्या. इतर कारणांचा प्रभाव वजा केल्यानंतरही त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आधीच अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला हे १०५ ग्रॅम फार महाग पडतात. स्वतःला वीस वर्षांनी होऊ शकणाऱ्या रोगाची गोष्ट ऐकून जी स्त्री हसून सोडून देते, तीच पोटातल्या जिवासाठी उपास धरते, डोहाळे आवरते, आवडते पदार्थ वर्ज्य करते. उपकेंद्रात नावनोंदणीच्या वेळी रक्त, वजन, रक्तदाब यांच्या जोडीने “मिसरी लावता का, ताई?” हा प्रश्न मायेने विचारला गेला पाहिजे, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तो विसरता कामा नये. येथे सासूबाईंना वगळून चालणार नाही. सुनेच्या हाती डबी देणाऱ्या त्याच असतात, आणि नातवासाठी ती डबी फळीवर ठेवून देणाऱ्याही त्याच होऊ शकतात.

जागेचा विचार असाच करावा लागतो. आरोग्यकेंद्र गावापासून काही कोसांवर, तर डबी हाताच्या अंतरावर. ही स्पर्धा समान नाही. म्हणून पर्यायानेही उंबरठ्याशी आले पाहिजे. अंगणवाडी, आशाताईंची घरभेट, बचत गटाची मासिक बैठक, ग्राम आरोग्य व पोषण दिन ही ठिकाणे आहेतच. त्याखेरीज आपल्या चालीरीतींतही जागा सापडते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते, वाण लुटले जाते. प्लॅस्टिकच्या डब्या आणि चमचे वाण म्हणून किती वर्षे वाटायचे? एखाद्या गावातील महिला मंडळाने मंजनाची पुडी आणि ब्रश हेच वाण ठरवले, तर सुवासिनींच्या हातून सुवासिनींना मिळालेली ती वस्तू शासकीय वाटपाच्या वस्तूसारखी कोनाड्यात पडून राहणार नाही. अर्थात यात एक मोठी उणीव आहे. विधवा स्त्रियांना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, आणि मिसरीच्या सवयीत मुरलेल्या वृद्ध स्त्रियांपैकी अनेकजणी विधवाच असतात. शिवाय प्रत्येक घरात हा सण होत नाही. म्हणून हे वाण बचत गटाच्या बैठकीतून सर्वच स्त्रियांना द्यावे. त्या निमित्ताने एक जुनी रेघ पुसली गेली तर ते बरेच होईल.

संदेश कसा असावा, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. २००९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात केंद्र शासनाने दूरचित्रवाणी व रेडिओवर एक मोहीम चालवली. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक तंबाखूने विद्रूप झालेल्या खऱ्या रुग्णांचे चेहरे दाखवीत बोलत होते. चित्रे पाहवत नव्हती. नंतरच्या मूल्यमापनात केवळ चघळण्याची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोकांना ती मोहीम आठवत होती आणि बहुतेकांनी आपल्या सवयीबद्दल काळजी वाटू लागल्याचे सांगितले. तेव्हा भीती निरुपयोगी असते, हे म्हणणे बरोबर नाही. परंतु भीतीने जागे झालेल्या माणसाला त्याच क्षणी वाट दाखवली नाही, तर तो नजर फिरवून पुन्हा झोपी जातो. ही वाट म्हणून १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक उपलब्ध असून २०१८ पासून तो तंबाखूच्या वेष्टनांवरही छापला जातो. डबीला वेष्टन नाही, हे वर सांगितलेच. म्हणून मिसरी लावणाऱ्या स्त्रीसाठी हा क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून द्यावा लागेल.

समक्ष दिलेल्या सल्ल्याचे मोल टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेच पुढे सिद्ध करून दाखवले. १९७७ पासून केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि गुजरातेतील भावनगर या जिल्ह्यांत सुमारे ३६ हजार तंबाखूसेवकांची पुनःपुन्हा तपासणी झाली. तोंडातील पांढरा चट्टा ज्याचा त्याला दाखवून समजावणे, त्याला जोड म्हणून चित्रपट, फलक आणि रेडिओ, असा तो क्रम होता. असा सल्ला न मिळालेल्या गटाच्या तुलनेत अधिक लोकांनी तंबाखू सोडली वा कमी केली, आणि कर्करोगाची पूर्वसूचना देणारे चट्टे होण्याचे प्रमाण घटले. त्या कार्यकर्त्यांजवळ कोणतेही नवे औषध नव्हते. एकाच माणसाकडे दरसाल परत जाण्याची चिकाटी तेवढी होती.

शाळेत मात्र वेगळी रीत लागते. चौदा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतील कर्करोगाचे भय घालणे व्यर्थ आहे. त्या वयात पन्नाशी ही कल्पनाच खरी वाटत नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने तंबाखू कंपन्यांविरुद्धच्या दाव्यात मिळालेल्या पैशांतून १९९८ साली एक मोहीम आखली व तिचे सूत्रधार किशोरवयीन मुलांनाच केले. मुलांनी आजाराची चित्रे दाखवली नाहीत. कंपन्या आपल्याला गिऱ्हाईक म्हणून कशा हेरतात, हे उघडे पाडले. मोठ्यांचा उपदेश झुगारण्याची जी ऊर्मी मुलाला सिगारेटकडे नेते, तीच ऊर्मी सिगारेट विकणाऱ्याविरुद्ध वळवली गेली. दोन वर्षांत तेथील माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत धूम्रपान करणाऱ्या मुलांचे प्रमाण १८.५ वरून ११.१ टक्क्यांवर आणि वरच्या वर्गांत २७.४ वरून २२.६ टक्क्यांवर आले. आपल्याकडील शिक्षकाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ते अंतर विद्यार्थ्यांनीच दोरीने मोजावे, पानपट्टीवर कोणती पुडी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगली आहे याची नोंद वर्गात करावी, तिच्या जाहिरातीची चिरफाड मराठीच्या तासाला करावी. एवढे मात्र टाळावे, की मुलांना घरी पाठवून आईची डबी फेकायला लावू नये. त्याने आई दुखावते, डबी लपते आणि सवय तशीच राहते.

आता पुरुषांविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. ग्रामसभेत तंबाखूमुक्तीचा ठराव मांडणाऱ्याच्या गालात तंबाखूची गोळी असल्याची दृश्ये विरळा नाहीत. तंबाखू-चुन्याची डबी पुढे करणे हा आपल्याकडे आतिथ्याचा भाग झाला आहे आणि ती नाकारणे उद्धटपणाचे वाटते. ही चाल बदलण्याचा अधिकार शासनाच्या परिपत्रकाला नाही, तो गावालाच आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथे २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात राज्य शासन, ‘सर्च’ ही डॉ. अभय बंग यांची संस्था आणि टाटा न्यास यांनी दारूच्या जोडीने तंबाखूचाही प्रश्न हाती घेतला. त्यात गावोगावच्या समित्या, शासकीय अंमलबजावणी, लोकजागृती आणि व्यसनींवर उपचार ही चारही अंगे एकत्र ठेवलेली आहेत. यांतले एखादे अंग गळाले, तर उरलेल्यांवर ताण पडतो, हे कोणत्याही गावच्या कारभाऱ्याला वेगळे सांगायला नको.

शेवटी हिशोबाची गोष्ट. आजवरच्या अहवालांत किती फलक लावले, किती फेऱ्या काढल्या, किती पत्रके वाटली यांचे आकडे भरघोस असतात. आपण किती पत्रके वाटली यावर कोणताही दुकानदार समाधान मानत नाही. तो माल किती खपला ते पाहतो. ग्रामपंचायतीने एक साधी वही घालावी. मिसरी लावणाऱ्या ज्या स्त्रियांना स्वतःहून नाव द्यावेसे वाटेल त्यांचीच नावे त्यात आशाताईंनी घ्यावीत. वही चावडीवर न ठेवता त्यांच्याजवळच राहावी. दिवसातून किती वेळा लावतात, पहिली खेप केव्हाची, कशासाठी, एवढेच त्यात लिहावे. दिवसातून पाच वेळा लावणारी दोनदा लावू लागली तर ती नोंद व्हावी, पण तेथे थांबू नये. सोडलेली स्त्री पुन्हा लावू लागली तर तिचे नाव खोडू नये. कोणत्या दिवशी आणि कशामुळे लावली, ते विचारून लिहावे, कारण पुढच्या स्त्रीसाठी तीच खरी माहिती आहे. संक्रांतीला सुरू केलेल्या वहीची पहिली फेरी रथसप्तमीनंतर, दुसरी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आणि तिसरी पुढच्या संक्रांतीच्या वाणाची खरेदी करण्यापूर्वी घेता येईल.